अठ्ठेचाळीस बाटल्या आणि दवाखान्याचा वास

घरी केलेल्या बिअरची पहिली बाटली उघडली ती फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी. रंग मधाचा, फेस दोन बोटं आणि टिकणारा, ग्लास नाकाशी नेला की पपनसाच्या सालीचा वास. मेहुण्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्यानं घोट घेतला, गिळला आणि तसाच थांबला. मी घेतला, मीही थांबलो. आधी सगळं छान, मग घशाकडे उतरताना काहीतरी भलतंच. शब्द सापडेना. बायको बिअर पीत नाही, पण तिचं नाक आम्हा दोघांपेक्षा तिखट. तिनं ग्लास नुसता हुंगला आणि विचारलं, "डेटॉल टाकलंय का रे ह्यात?"

अठ्ठेचाळीस बाटल्या भरल्या होत्या. त्या संध्याकाळी सहा उघडल्या. सहांतही तेच.

बिअर शिजवली त्या दिवशी आमचं पाच ठिकाणी बिनसलं होतं आणि पाचही गोष्टी वहीत वेळेसकट लिहिलेल्या होत्या. त्यामुळे संशयितांना तोटा नव्हता. तरी खरं कारण पक्कं व्हायला एप्रिल संपत आला.

कोण, कुठे, काय

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. गाव कोल्हापूरजवळ, घरचा ऊस, लहानपण गुऱ्हाळात गेलेलं. दोन वर्षांपूर्वी नोकरीसाठी अमेरिकेत, ऑरेगनमधल्या पोर्टलंडला आला. मी इथे गॅरेजमध्ये सातेक वर्षं बिअर करतोय. त्यानंही तयार माल्टच्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या, पाकापासून दोनदा केली होती. पण ते म्हणजे दुकानातून पीठ आणून डोसे घालणं. डोसे उत्तम होतात, फक्त त्यात आपलं काय, असं कुणी विचारलं तर पंचाईत होते. ह्या खेपेला त्याला धान्यापासून सुरुवात करायची होती. माल्ट भरडायचा, गरम पाण्यात तासभर भिजवायचा, त्यातल्या स्टार्चची साखर झाली की गोड काढा गाळून घ्यायचा, हॉप्स, म्हणजे कडवटपणा आणि वास देणारी वेलीची फुलं, घालून उकळायचा, गार करून यीस्ट सोडायचं. धान्य भिजवण्याला मॅश म्हणतात आणि त्या गोड काढ्याला वर्ट. पुढे हे दोन शब्द सारखे येणार आहेत.

इथे हा उद्योग कायदेशीर आहे. १९७८मध्ये जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्यानं घरगुती बिअर करमुक्त झाली. एकट्या प्रौढाच्या घरात वर्षाला १०० गॅलन (एक गॅलन म्हणजे जवळपास पावणेचार लिटर), दोन किंवा अधिक प्रौढ असतील तर २०० गॅलन, आणि विकायची नाही. महाराष्ट्रात बसून हे वाचणाऱ्यांनी मात्र हात आवरावेत. तिथे १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय मद्य बनवणं हा गुन्हा आहे, मग ते स्वतःपुरतं का असेना.

पेल एल ही फिकट रंगाची, हॉप्सच्या वासाची बिअर निवडली कारण आम्ही राहतो तो मुलूखच हॉप्सचा. कॅस्केड नावाचा हॉप इथून दोन तासांच्या अंतरावरच्या कॉर्व्हालिसमधल्या सरकारी संशोधनातून १९७२मध्ये बाहेर आला, आणि १९८०मध्ये कॅलिफोर्नियातल्या चिको गावी सुरू झालेल्या सिएरा नेवाडा पेल एलनं तो घरोघरी पोचवला. पपनसाचा तो वास त्याचाच. आमची कृती १९ लिटरची आणि अगदी साधी होती. फिकट बार्ली माल्ट साडेचार किलो, कॅरमेल माल्ट ३५० ग्रॅम, गव्हाचा माल्ट २५० ग्रॅम. कॅस्केड ३० ग्रॅम तीनदा: उकळी फुटल्यावर, पंधरा मिनिटं उरताना आणि गॅस बंद केल्यावर. कोरड्या एल यीस्टचं साडेअकरा ग्रॅमचं एक पाकीट. मॅश ६७ अंश सेल्सिअसला एक तास. उकळण्याआधी साडेसव्वीस लिटर वर्ट हातात हवा, हायड्रोमीटरवर, म्हणजे द्रवात तरंगून त्यातली साखर सांगणाऱ्या काचेच्या नळीवर, १.०४२ (साधं पाणी १.०००). उकळून गार झाल्यावर २१ लिटर, १.०५३.

पाण्याबद्दल दोन शब्द, कारण पुढचं सगळं त्याच्याभोवतीच फिरतं. पोर्टलंडचं पाणी बुल रन नावाच्या जंगलातल्या जलाशयातून येतं आणि अतिशय मृदू असतं. बिअरसाठी हे वरदान, हवे ते क्षार आपल्याला मोजून घालता येतात. आम्ही पाच ग्रॅम जिप्सम घातलं. पाणी नळापर्यंत जंतुरहित राहावं म्हणून त्यात क्लोरामाइन असतं, म्हणजे क्लोरीन आणि अमोनियाची जोडी. प्यायला काहीच अडचण नाही. बिअरला मात्र क्लोरीन कोणत्याही रूपात चालत नाही, म्हणून कॅम्पडेनची गोळी वापरतात. पोटॅशियम मेटाबायसल्फाइटची ही एक गोळी वीसेक गॅलन पाण्याला पुरते. आदल्या रात्री मेहुण्यानं ३३ लिटर पाणी दोन पातेल्यांत भरलं, अर्धी गोळी चमच्यानं चुरून त्यात विरघळवली आणि वहीत लिहिलं, "पाणी तयार". मला त्याचं कौतुक वाटलं होतं. नवखे लोक नेमकी हीच पायरी विसरतात.

त्या दिवशी

जानेवारीचा शनिवार, गॅरेजमध्ये सहा अंश. धान्याची पिशवी रात्रभर तिथेच पडून. मॅशसाठी आमच्याकडे सहलीला नेतात तसला मोठा आईसबॉक्स आहे, तळाला जाळी आणि बाहेर तोटी लावलेला. मेहुण्यानं फोनवर हिशेब केला, पाणी ७३.४ अंशांना तापवलं, त्यात धान्य ओतलं, ढवळलं, झाकण लावलं. पाच मिनिटांनी थर्मामीटर घातला. ६२.५.

हिशेब चुकला नव्हता. फोननं धान्य २० अंशांचं धरलं होतं, ते होतं सहाचं. आणि थंडगार आईसबॉक्सनंही आपला वाटा घेतलाच. आधी त्यात गरम पाणी फिरवून ओतून टाकायला हवं होतं, ते मी सांगायला विसरलो. साडेचार अंशांनी काय बिघडतं? माल्टमधली दोन विकरं स्टार्च तोडतात. एकाला साठ ते पासष्टमधली ऊब मानवते आणि ते यीस्टला सहज खाता येईल अशी साखर करतं. दुसरं सत्तरच्या आसपास जोरात चालतं आणि न पचणारे तुकडेही मागे ठेवतं. बिअरचं अंग भरतं ते त्या तुकड्यांनी. तासभर ६२ला राहिलो असतो तर बिअर पातळ आणि कोरडी झाली असती. दहा मिनिटांनी काही होत नाही. पण तेव्हा हे शांतपणे कोण सांगणार? तो दर मिनिटाला झाकण उघडून बघत होता आणि दर वेळी थोडी ऊब बाहेर जात होती.

"दाजी, काय करू?"

"थांब, उकळतं पाणी आणतो." मी स्वयंपाकघरातून विजेची किटली भरून आणली. एक किटली, मग अर्धी. तो लाकडी उलथन्यानं ढवळत होता. ६७ वर काटा आला तेव्हा दोघांनी टाळी दिली. वहीत त्याचं नेटकं अक्षर आहे: "९.४७. उकळतं पाणी २.५ लि. तापमान ६७."

पावणेअकराला तोटी उघडली. पहिले चार लिटर झकास आले, गढूळ, मग नितळ, मग तांबूस सोनेरी. वरून झाऱ्यानं गरम पाणी सोडत राहायचं आणि खालून वर्ट काढत राहायचं, ह्याला स्पार्ज म्हणतात. वीसेक मिनिटांत धार करंगळीएवढी झाली, मग दोऱ्याएवढी, मग थेंब. मग तेही नाही. चोथा बसला.

मी मूठभर चोथा हातावर घेतला. रवा. बार्लीच्या दाण्याचं टरफल अर्धंमुर्धं शाबूत राहिलं पाहिजे, कारण गाळणी म्हणून तेच काम करतं. तळाची जाळी फक्त टरफलांना थोपवते. इथे टरफलांचा भुगा झाला होता आणि त्यात गव्हाच्या माल्टची भर, ज्याला टरफल नसतंच. विचारल्यावर कळलं, दुकानात ह्यानंच दोनदा भरडायला सांगितलं होतं. बारीक भरडलं की साखर जास्त निघते असं त्यानं वाचलं होतं. ते खोटं नाही, पण साखर आत आणि तोटी कोरडी असेल तर तिचा उपयोग काय? अशा वेळी धान्यात भाताची तुसं मिसळतात. त्यांना चव नाही, पण चोथ्यात वाटा मोकळ्या राहतात. इथे ती होमब्रूच्या दुकानात पिशवी बांधून विकत मिळतात. हे ऐकून तो हसायला लागला. "आमच्याकडं ढीग पडलेला असतोय, दाजी. न्या म्हटलं तर कोण नेत नाही." आमच्याकडे त्या दिवशी मूठभरही नव्हती.

बसलेला चोथा वरून ढोसून सुटत नाही, आणखी घट्ट होतो. त्याला खालून उचलावा लागतो. तोटीला नळी लावली, नळीचं दुसरं टोक उंच धरून त्यात नरसाळं बसवलं आणि गरम पाणी ओतलं. पाणी तळातून शिरतं आणि सगळा थर हळूच वर तरंगतो. पातेलं जड, नरसाळं लहान, म्हणून किटलीच बरी पडली. दोन किटल्या गेल्या. मग तळाशी न जाता वरच्या वर ढवळलं, दहा मिनिटं काहीही केलं नाही आणि तोटी अगदी पाव उघडली. पहिला दोन लिटर गढूळ वर्ट पुन्हा वर ओतला. त्यानंतर धार सुरू राहिली, पेन्सिलीच्या शिशाएवढी. साडेसव्वीस लिटरची खूण गाठायला सव्वा तास लागला. दोघंही उभ्या उभ्या पोहे खात तिच्याकडे बघत होतो.

मग जे झालं ते खरं तर बिनसणं नव्हतंच, पण सगळ्यात मोठा गोंधळ त्याचाच. त्यानं नळकांड्यात वर्ट भरला, हायड्रोमीटर सोडला आणि ओरडला, "सव्वीस!" म्हणजे १.०२६. हवे होते बेचाळीस. मी वळून बघेपर्यंत त्यानं कोरड्या माल्ट-पावडरीची पिशवी फोडलीसुद्धा होती, तीन पौंडांची. "थांब! हात लावून बघ नळकांड्याला." ते हातात धरवत नव्हतं. वर्ट होता ६० अंशांचा आणि हायड्रोमीटर बनवलेला असतो साडेपंधरा किंवा वीस अंशांसाठी. गरम द्रव विरळ, त्यात तो जास्त बुडतो आणि आकडा कमी दाखवतो. साठ अंशांना हा फरक सोळाच्या आसपास जातो. नळकांडं बर्फाच्या पाण्यात उभं केलं. दहा मिनिटांनी १.०४२. पिशवी ओतली असती तर उकळून आटल्यावर पंचाहत्तरच्या आसपासचं काहीतरी जडशीळ झालं असतं. पेल एल तर नक्कीच नाही. फोडलेली पिशवी नंतर बायकोनं मुलांच्या दुधात संपवली.

उतू जाणार हे मी त्याला बजावून सांगितलं होतं. तीस लिटरच्या पातेल्यात साडेसव्वीस लिटर म्हणजे वर चार बोटं जागा. पण त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मला पुढे बोलवेना. काहिलीत शेकड्यांनी लिटर रस उकळताना पाहिलेला माणूस तो. उकळी फुटायच्या बेतात पांढरा, जाड फेस चढू लागला तसा तो खरंच सावध झाला, आणि म्हणाला, "ताई, गोडंतेल दे जरा, चमचाभर!" गुऱ्हाळात हेच करतात. रस वर आला की काहिलीत थोडं तेल टाकतात, फेस बसतो. मी धावत जाऊन चमचा हिसकावून घेतला. तेलानं इथलाही फेस बसला असता, आणि पुढे ग्लासातलाही बसला असता. बिअरला तेलाचं बोट लागलं तरी फेस धरत नाही. ह्या झटापटीत गॅसकडे कुणाचंच लक्ष नव्हतं आणि तेवढ्यात हॉप्सच्या गोळ्या आत पडल्या होत्या. त्या पडल्या की फेस एकदम उसळतो. लिटरभर वर्ट शेगडीवर आणि फरशीवर. गॅस बंद करायचा आणि स्प्रेच्या बाटलीनं गार पाणी मारायचं, एवढाच उपाय, तो पंधरा सेकंद उशिरा झाला. कडेला चिकटलेले हॉप्स उलथन्यानं खरवडून परत आत ढकलले.

गुऱ्हाळाचं दुसरं ज्ञान मात्र तंतोतंत जुळलं. उकळीची शेवटची पंधरा मिनिटं उरताना मी आयरिश मॉस टाकलं, समुद्रातलं एक लाल शेवाळ. वर्टमधली प्रथिनं त्याला धरून गोळा होतात आणि तळाशी जातात. त्यानं पातेल्यात डोकावून बघितलं आणि म्हणाला, "भेंडीचं पाणी." रसातली मळी काढायला गुऱ्हाळात भेंडीचा चीक घालतात, तो ह्याच कामासाठी. इतकी वर्षं मी हे मॉस टाकतोय, मला हे सुचलं नव्हतं.

गार करायला तांब्याची वेटोळी नळी वर्टमध्ये बुडवतात आणि तिच्यातून नळाचं गार पाणी सोडतात. जानेवारीत नळाचं पाणी इतकं गार असतं की पंधरा मिनिटांत काम होतं. ह्या वेळी नळी जोडायची पट्टी ढिली होती आणि जोडाशी थेंब थेंब पाणी पातेल्यात पडत होतं. लक्षात आलं तेव्हा वर्ट सत्तर अंशांच्या वर होता. नळी वळवून जोड पातेल्याबाहेर घेतला. पडलं असेल तर पाच-सहा चमचे.

वीस लिटर, १.०५३. यीस्ट सोडलं, पिंप बंद केलं, आणि थकव्यापायी ते गॅरेजमध्येच राहिलं. छत्तीस तास एक बुडबुडा नाही. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "थंडीत विरजण लागत नाही, तर हे कसं लागेल?" पिंप आतल्या कपाटात हलवलं, १९ अंशांना. दुसऱ्या सकाळी झाकण थरथरत होतं. बारा दिवसांनी १.०११, म्हणजे साडेपाच टक्के अल्कोहोल. साखर घालून बाटल्या भरल्या. वहीत शेवटची ओळ: "सगळं निस्तरलं."

संशयित

दवाखान्याच्या वासाला रसायनशास्त्रात पत्ता आहे. धान्याच्या टरफलात फिनॉल गटातली द्रव्यं असतात, त्यांना क्लोरीन भेटलं की क्लोरोफिनॉल तयार होतात. माणसाचं नाक ती अब्जात काही भाग असली तरी पकडतं. बायकोनं नाव घेतलं तेही उगाच नव्हतं. डेटॉलमधलं मुख्य द्रव्य क्लोरोझायलेनॉल, म्हणजे क्लोरीन लागलेलं फिनॉलच. पण फिनॉलचा वास रानटी यीस्ट शिरल्यानंही येतो, तो लवंगेसारखा किंवा धुरकट असतो. आणि आमच्याकडे दोन्ही बाजूंना पुरावे होते.

मेहुण्याचा पहिला संशय गळक्या नळीवर. नळाचं पाणी थेट वर्टमध्ये! पण वीस लिटरात सहा चमचे क्लोरामाइनचं पाणी म्हणजे नगण्य, आणि सत्तरच्या वर जंतू टिकत नाहीत. माझा पहिला संशय छत्तीस तासांच्या थंडीवर. यीस्ट झोपलेलं असताना दुसरं कुणीतरी घर करून बसलं असेल. तसं असतं तर महिन्याभरात बाटल्यांमधला दाब वाढला असता, उघडताना फवारे उडाले असते. हायड्रोमीटरचा आकडाही १.०११च्या खाली गेला असता. एक बाटली हलवून वायू काढून मोजली. १.०११, तसूभर फरक नाही.

बारीक भरड्यानं टरफलांमधला तुरटपणा उतरू शकतो, पण तो जिभेला कोरडं करतो, कच्च्या केळ्यासारखा. नाकाला काही सांगत नाही. तेही बाद.

मग बाटल्या. इथे आम्हाला वाटलं, सापडलं. चोवीस बाटल्या नव्या होत्या आणि चोवीस एका मित्राकडून आणलेल्या, लेबलं निघावीत म्हणून मेहुण्यानं रात्रभर ब्लीचच्या पाण्यात बुडवलेल्या. ब्लीच म्हणजे क्लोरीनच. नीट खळखळून धुतल्या नसतील. त्याचा चेहरा पडला. पण नशिबानं त्यानं जुन्या बाटल्यांच्या झाकणांवर काळा ठिपका केला होता. तीन ठिपक्याच्या आणि तीन बिनठिपक्याच्या उघडल्या. दोन्हींत सारखाच वास. म्हणजे खोट बाटलीत शिरायच्या आधीची.

इथे आम्ही अडकलो. पाणी तर आदल्या रात्रीच गोळी घालून तयार केलं होतं.

पाण्याचा हिशेब

एका संध्याकाळी तो वही घेऊन बसला होता, दुसऱ्या खेपेला किती पाणी लागेल ते काढत. पातेल्यात २६.५ लिटर वर्ट, धान्यानं शोषलं किलोमागे साधारण लिटर म्हणजे पाच, आईसबॉक्सच्या तळाशी दीड. एकूण तेहतीस. "म्हणजे दाजी, तयार केलेलं सगळं पाणी बरोबर संपायला पाहिजे होतं."

"मग?"

"संपलं नव्हतं. रात्री मी त्याच पाण्यानं फरशी पुसली. पातेल्यात चांगलं सहा लिटर राहिलं होतं."

दोघंही थोडा वेळ गप्प बसलो. तेहतीस लागलं, सत्तावीस वापरलं. मधले सहा लिटर कुठून आले? त्यानं वहीत बोट ठेवलं. "उकळतं पाणी २.५ लि." आणि पुढे चोथा उचलताना, "खालून ३.५ लि." साडेतीन किटल्या. वहीत वेळ होती, मोजमाप होतं, तापमान होतं. पाणी कुठलं ते नव्हतं. आणि किटली स्वयंपाकघरातल्या नळावर भरून कुणी आणली? मीच. सात वर्षांचा अनुभव असलेल्या माणसानं.

किटलीत उकळलं होतं ना, मग क्लोरीन उडालं नसेल का? साधं क्लोरीन उकळल्यावर लवकर निघून जातं. क्लोरामाइन तसं जात नाही, म्हणून तर ते लांबच्या नळांसाठी निवडतात. आणि किटली दोन-चार मिनिटांत खट्‌कन बंद होते. त्यातून हे पाणी गेलं ते नेमकं गरम मॅशमध्ये, टरफलांच्या भुग्याच्या मधोमध. पुढे तासभर उकळलं खरं, पण जे जुळायचं ते आधीच जुळून गेलं होतं.

मला ह्यात एक गोष्ट फार बोचली. तापमान कमी होतं तेव्हा शेगडीवर तयार पाण्याचं भरलेलं पातेलं गरमच होतं, त्यातलंच दोन-अडीच लिटर काढून उकळलं असतं तर पाच-सात मिनिटं जास्त लागली असती. दहा मिनिटं ६२ अंशांवर राहणं आणि पंधरा मिनिटं राहणं, ह्यात बिअरला काही फरक पडला नसता. घाई धान्याला नव्हती, आम्हाला होती. मॅशची आणि चोथ्याची, दोन्ही दुरुस्त्या जमल्या म्हणून आम्ही टाळ्या दिल्या. बाकीच्या तीन बिनसण्यांनी बिअरला ओरखडाही काढला नव्हता.

चाचणी

हिशेब जुळला म्हणजे शाबीत झालं असं नाही. मार्चमध्ये गॅलनभराच्या दोन काचेच्या बरण्यांत तीच बिअर छोट्या मापानं केली, माल्ट एकाच पोत्यातला, एकदाच भरडलेला, हॉप्स तेच, यीस्टचं एक पाकीट वजन करून वाटून. एका बरणीचं सगळं पाणी गोळी घातलेलं. दुसरीत मॅशच्या वेळी पाचातला जवळपास एक भाग किटलीतून, नळाचं.

एप्रिलच्या शेवटी बायकोनं तीन-तीन ग्लास मांडून आमची परीक्षा घेतली आणि मेहुण्यानं तिची. तीनांत दोन ग्लास एका बरणीचे, एक दुसरीचा, वेगळा कोणता ते सांगायचं. नुसत्या अंदाजानंही तिनांत एकदा बरोबर येतं, म्हणून तीन फेऱ्या. बायकोनं तिन्ही वेळा ओळखला, घोट न घेता. मेहुण्यानं दोनदा. मी एकदा, म्हणजे डोळे मिटून बोट ठेवलं असतं तरी तेवढंच. नळाच्या पाण्याच्या ग्लासाबद्दल तिचं मत आधीचंच, फक्त "ह्यात जरा कमी" अशी पुस्ती.

हा वास मुरून जात नाही. तरी आशेनं महिनाभर बाटल्या ठेवल्या होत्या. शेवटी दोन ठेवून बाकीच्या ओतून दिल्या. त्या दोन कपाटात मागे आहेत, लाल दोरा बांधून, पुन्हा कधी शंका आली तर ताडून बघायला.

मेमध्ये पूर्ण बॅच परत केली. भरडा एकदाच, पाव किलो तुसं, आईसबॉक्स आधी गरम पाण्यानं शेकलेला. मॅश तरीही ६५ला बसला. मेहुण्यानं सवयीनं दाराकडे एक पाऊल टाकलं, थबकला, आणि शेगडीवरच्या पातेल्यातलं पाणी उकळायला ठेवलं. उतू ह्या वेळीही गेलं. १.०५२ वरून १.०११, सत्तेचाळीस बाटल्या, बायकोनं एक हुंगून काही न बोलता परत दिली.

विजेच्या किटलीवर आता तिच्या अक्षरात एक चिकटपट्टी आहे: "फक्त चहा."